बिब्ब्याचं पथ्य आणि बाटलीतले थेंब

बुलडाण्यात उभं राहून बिब्ब्यावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या तळपायावर लहानपणी कुणीतरी बिब्बा घातलेला असणार आणि उरलेल्या निम्म्यांना तो कधी ना कधी उतलेला असणार. शिवाय आपल्या भाषेत ‘बिब्बा घालणे’ म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामात मोडता घालणे. आज मी तेच करणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. त्यामुळे कुणाला औषध सांगणं हे माझं काम नाही. औषधं माणसापर्यंत कशी पोचली आणि पोचताना वाटेत काय काय गळून पडलं, एवढंच सांगणार आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्या मामांमुळे. मामा खामगावचे. त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांना ‘आयएनआर’ हा शब्द माहीत असेल. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा साधारण अडीच-तीनच्या आसपास ठेवायचा. मामांचं हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग त्यांच्या भाच्यांपैकी एकाने, म्हणजे आमच्यातल्याच एकाने, प्रेमाने त्यांना एक बाटली मागवून दिली. पोट साफ राहतं, जंतू मरतात, शंभर टक्के नैसर्गिक. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा थेंब पाण्यात. आठवडाभराने मामांच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा आयएनआर साडेसहा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांत काही बदल केला का? मामा म्हणाले, “नाही बा, काहीच नाही.” ते खोटं बोलत नव्हते बरं का. बाटलीतले थेंब हे ‘औषध’ आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

‘औषध वाटलंच नाही’ या एका वाक्यापाशी मी अडकलो. कारण याच मामांनी, मी सहा-सात वर्षांचा असताना, मला बिब्ब्याला हात लावू दिला नव्हता. आजी कोपऱ्यात बसून दिव्यावर बिब्बा गरम करत होती. सुईच्या टोकावर त्याचं तेल घेऊन मामांच्या पायात मोडलेल्या काट्याच्या जागी लावत होती. मी पुढे सरकलो तशी ती ओरडली, “लांब हो! त्याले हात नको लावू, उततो तो.” मी अर्थातच नंतर चोरून हात लावला. मग चार दिवस चेहरा सुजला होता. खोबरं चघळायला लावलं, अंगाला खोबरेल चोळलं, आणि वर बोलणी बसली ती वेगळीच.

आता मुद्दा असा. बिब्बासुद्धा झाडाचंच फळ आहे, तोही शंभर टक्के नैसर्गिकच. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या उतारांवर त्याची झाडं आपोआप येतात, कुणी लावत नाही. पण तो नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, असं आजीला एक क्षणही वाटलं नाही. लोणारच्या सरोवराचं पाणीही नैसर्गिकच आहे की. पितं का कुणी?

हे शहाणपण आजीकडे कुठून आलं? पुस्तकातून नक्कीच नाही, तिला अक्षरओळख नव्हती. पण पुस्तकातही ते आहे, आणि फार जुन्या पुस्तकात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा, म्हणजे माणसाला बळ आणि दीर्घायुष्य देणाऱ्या औषधांचा. त्यात आवळा आहे, हिरडा आहे, आणि त्यांच्या पंगतीला चक्क भल्लातक, म्हणजे आपला बिब्बा, बसलेला आहे. आवळ्याबद्दल चरक बोलतो तेव्हा सूर कौतुकाचा असतो. बिब्ब्यापाशी आल्यावर मात्र तो एकदम कडक हेडमास्तर होतो. मला हा भाग फार आवडतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

फळं कोणती घ्यायची? किडकी, रोगट नकोत. रसाने पूर्ण भरलेली, पिकल्या जांभळाच्या रंगाची. कधी गोळा करायची? ज्येष्ठात किंवा आषाढात. गोळा केली की लगेच वापरायची का? नाही. जवाच्या किंवा उडदाच्या राशीत पुरून चार महिने ठेवायची. मग मार्गशीर्षात किंवा पौषात, म्हणजे भर थंडीत, प्रयोग सुरू करायचा. त्याच्या आधी थंड, स्निग्ध, गोड आहाराने शरीर तयार करायचं. पहिल्या दिवशी दहा बिब्बे ठेचून आठपट पाण्यात उकळायचे, आठवा भाग उरला की गाळायचं आणि दुधातून घ्यायचं. पिण्याआधी तोंडाला आतून तूप चोळायचं. का ते तुम्हाला कळलंच असेल, तोंड भाजू नये म्हणून! रोज एकेक बिब्बा वाढवत तीसपर्यंत जायचं आणि मग एकेक कमी करत परत दहावर यायचं. तीसच्या पुढे जायचं नाही, आणि सगळे मिळून हजारांच्या वर नाही. पचलं की तूप, दूध आणि भात. प्रयोग संपला तरी सुटका नाही. जितके दिवस औषध घेतलं त्याच्या दुप्पट दिवस दुधावर राहायचं.

मी हे सांगतोय ते कुणी घरी करून बघावं म्हणून नाही. कृपा करून करू नका. मला दाखवायचं आहे ते वेगळंच. एवढ्या मजकुरात ‘हे गुणकारी आहे’ असं सांगणारा भाग किती आणि ‘असं कर, तसं करू नको’ हा भाग किती, ते बघा. औषध म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. पदार्थ, ऋतू, मात्रा, अनुपान, पथ्य आणि घेणारा माणूस हे सगळं मिळून औषध. पुढच्या वैद्यांनी याच्यावर शोधनाची पायरीही चढवली. बिब्ब्याचं देठाकडचं टोक कापायचं, विटेच्या भुकटीत तो घासायचा म्हणजे तेल विटेत उतरतं, मग गोमूत्रात आणि दुधात ठेवायचा आणि गरम पाण्याने धुवायचा. विटेची भुकटी का? कारण ती तेल शोषते. कुणीतरी हे हात भाजून घेऊनच शिकलं असणार, आणि त्या माणसाचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

नियम मागे ठेवून पदार्थ तेवढा पुढे गेला की काय होतं, त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती थेट बगदादची आहे. संस्कृतातला ‘भल्लातक’ फारसीतून अरबीत गेला आणि ‘बलाधुर’ झाला. अरब जगात बिब्ब्याची ख्याती स्मरणशक्ती वाढवणारं औषध म्हणून झाली. परीक्षेच्या दिवसांत आपल्याकडे मुलांच्या मागे ब्राह्मीचं सिरप घेऊन लागतात ना, तसंच समजा. नवव्या शतकात बगदादमध्ये एक मोठा इतिहासकार होऊन गेला, अहमद इब्न याह्या. इस्लामच्या सुरुवातीच्या विजयांचा इतिहास त्याने लिहिला. इ. स. ८९२ च्या सुमारास तो वारला. इतिहास त्याला ओळखतो ते ‘अल-बलाधुरी’ या नावाने. म्हणजे काय? शब्दशः सांगायचं तर ‘बिब्बेवाला’! परंपरा सांगते की त्याने स्मरणशक्तीसाठी बिब्ब्याचा रस बेसुमार घेतला आणि त्यात त्याचं डोकं फिरलं. जुन्या चरित्रकारांतच याबद्दल दुमत आहे. काही म्हणतात, रस पिणारा तो नव्हे, त्याचे आजोबा. काही असो. एका इतिहासकाराच्या नावाला आपल्या सातपुड्यातलंही एक फळ अकराशे वर्षं चिकटून बसलंय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला जरा अंगावर काटा आणणारंच आहे.

पोर्तुगीजही याच्या वाटेला गेले. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादांमध्ये याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. पुढे १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने त्याला सेमेकार्पस अॅनाकार्डियम असं शास्त्रीय नाव दिलं. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारं फळ. ही खूण कसली? धोब्याची. बिब्ब्याचं तेल आणि चुना एकत्र आले की कपड्यावर काळा डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. परीट लोक गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर याच शाईने खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर खाजरे चट्टे उठायला लागले. कारण शोधता शोधता डॉक्टर पोचले ते कॉलरच्या आतल्या धोब्याच्या खुणेपाशी. १९४३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. बिब्ब्याच्या तेलातल्या दाहक द्रव्याला तोवर ‘भिलावनॉल’ असं नावही मिळालं होतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. कच्च्या कैरीच्या चिकाने ओठ उततात ते उगाच नाही.

एवढ्याशा डागाने सैनिक हैराण झाले. मग आपल्याकडच्या बिबे फोडणाऱ्या बायांचं काय? आपण बाळंतिणीच्या लाडवात जी गोडंबी घालतो ती आकाशातून पडत नाही. ती या बिब्ब्याच्या आत असते. एकेक बिबा फोडून, तेल अंगावर उडू न देता, आतली बी काढावी लागते. मी लहानपणी पाहिलेले हात अजून डोळ्यांसमोर आहेत. बोटं काळी, सालपटं निघालेली, वर राख फासलेली. दुकानात गोडंबीचा भाव बघून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ते हात बघावेत. विषय थोडा सुटला, पण सांगणं भाग होतं.

तर बिब्ब्याचं विष आपल्या लोकांना ठाऊक होतं, वैद्यांना ठाऊक होतं, आणि शेवटी सरकारलाही ठाऊक झालं. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्या नियमांच्या ई-एक परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. अफू, धोतरा, गुंजा, कण्हेर, बचनाग, कुचला, आणि त्यांच्याच रांगेत भल्लातक. यातलं द्रव्य असलेलं पोटात घ्यायचं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. घरी संजीवनी वटीची डबी असेल तर आज रात्री चष्मा लावून वाचा. तिच्या पारंपरिक पाठात बिब्बाही आहे आणि बचनागही. योग्य शोधन, योग्य मात्रा असेल तर वैद्य ती देतात. पण शेजारणीला लागू पडली म्हणून आपणही घ्यायची, असं ते औषध नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ साली बिब्ब्याच्या चिकाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाची गंभीर हानी झाल्याचं नोंदवून ठेवलंय.

आता मामांच्या बाटलीकडे येऊ. आधी फळ कोणतं ते सांगतो, कारण इथेच घोळ होतो. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. नावात ‘ग्रेप’ आहे म्हणून दुकानदारही गल्लत करतात. द्राक्षाच्या बियांचा अर्क वेगळा मिळतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. ग्रेपफ्रूट हे लिंबू-संत्र्याच्या घराण्यातलं. आपलं पपनस आणि गोड संत्रं यांचा वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर अठराव्या शतकात आपोआप संकर झाला, त्यातून ते जन्मलं. म्हणजे याची आजी आपलं पपनसच म्हणायला हरकत नाही.

या फळाच्या रसाची एक खोड १९८९ मध्ये अगदी अपघाताने उघड झाली. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त निघालं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. आपल्या आतड्यात औषधं मोडून काढणारं एक विकर असतं. या रसातली द्रव्यं ते बंद पाडतात आणि एका पेल्याचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. मग नेहमीचीच गोळी दुप्पट-तिप्पट गोळ्यांसारखी वागते. रक्तदाबाची काही औषधं, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, अवयवरोपणानंतरची काही औषधं यांच्याबरोबर हे फळ चालत नाही. पपनसातही तीच द्रव्यं असतात, तेव्हा गोळ्या चालू असतील तर पपनस खाण्याआधीही डॉक्टरांना विचारा. नागपुरी संत्र्याला आणि मोसंबीला साधारणपणे ही भीती नाही. घाबरून संत्री टाकून देऊ नका, आपल्याच शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं!

हे झालं रसाचं. बियांच्या अर्काची कथा आणखी निराळी आहे. या अर्काचं श्रेय फ्लोरिडातले जेकब हॅरिच यांना देतात. बागेतल्या खताच्या ढिगात ग्रेपफ्रूटच्या बिया कुजत नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून जंतुनाशक अर्काची कल्पना सुचली, अशी गोष्ट विक्रेते सांगतात. अमेरिकेत १९९४ साली कायदा झाला आणि अशी पूरक उत्पादनं आधी सरकारी मंजुरी न घेता बाजारात आणण्याची मोकळीक मिळाली. बाटल्या जगभर गेल्या. त्यांनी जंतू खरोखरच मरत होते. म्हणून जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी १९९९ मध्ये बाजारातले सहा अर्क तपासले. सहापैकी पाचांनी जंतू मारले, आणि त्या पाचही बाटल्यांत बेन्झेथोनियम क्लोराइड सापडलं. तिघांत त्याशिवाय ट्रायक्लोसान आणि मिथिल पॅराबेनही. सहाव्या बाटलीत असं काहीच नव्हतं, आणि तिने जंतूही मारले नाहीत. मग संशोधकांनी स्वतः बिया आणून अर्क काढला. त्यानेही जंतू मेले नाहीत.

बेन्झेथोनियम क्लोराइड हे बी-बिवळ्यात मिळणारं द्रव्य नाही. ते कारखान्यात बनतं, कातडीवर लावायच्या जंतुनाशकांत घालतात. बियांतलीच द्रव्यं प्रक्रियेत बदलून तसं काहीतरी तयार होतं, असा युक्तिवाद काही उत्पादकांनी केला. पुढे अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी बारकाईने तपासलं, त्यांना तो पटला नाही, आणि मलाही पटत नाही. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांचा अनुभव मांडला. हा अर्क घेतल्यावर त्यांचं रक्त धोकादायक पातळ झालं होतं. वॉरफरिन मोडणाऱ्या विकराला अडवत होतं ते बाटलीतलं तेच बेन्झेथोनियम क्लोराइड. मी तो निबंध वाचला तेव्हा मामांचं नाक आठवलं.

बघा कशी उलटापालट झाली. बिब्ब्यात विष फळातच असतं, आणि ते काढायला माणसांनी वीट शोधली. इथे बी बिचारी निरुपद्रवी, आणि विष माणसाने बाहेरून आणून घातलं. पण बाटलीवर नाव कुणाचं? बीचं.

मग घ्यायचाच असेल तर कसा घ्यावा, असं व्याख्यानानंतर कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, फिटची, मनाच्या आजाराची, रोपणानंतरची, कुठलीही कायमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय एक थेंबही नको. नुसतं नाव सांगू नका, बाटलीच न्या. गरोदर बाई आणि लहान मूल यांना तर मुळीच नको. निर्जळ अर्क जिभेवर, जखमेवर, डोळ्यात कधीच नाही, त्याने भाजतं. वेष्टनावर सगळे घटक लिहिलेत का, भारतातला परवाना क्रमांक आहे का, ते बघा. २०१६ च्या आपल्या नियमांप्रमाणे अशा पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. ते वाक्य वाचा आणि मग विक्रेता कशाकशावर गुणकारी म्हणतो ते ऐका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर असले सगळे थेंब, चूर्णं, काढे आधी सांगून टाका. आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असं विचारलं की चहाशिवाय सगळं सांगा. मी तर म्हणेन चहाही सांगा, त्यात काय काय घालतो आपण!

डॉक्टरांचंही थोडं चुकतं. रांगेत साठ माणसं असतात, हे मान्य. पण ‘औषध काय घेता’ असं विचारलं की आपला माणूस गोळ्याच मोजतो. ‘कुणी काही थेंब, पावडर, काढा दिलाय का’ असं विचारलं असतं तर मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मामा बरे आहेत. चार दिवस दवाखान्यात राहिले, आकडा खाली आला. बाटली मी घेऊन आलो, ती माझ्या टेबलावर असते. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामींनी गोडंबीचे लाडू केले होते. मामांनी लाडू हातात घेतला, थांबले आणि मला विचारलं, “याले चालते ना रे? त्या डॉक्टरले फोन लावून पाहू का?” मी म्हटलं, लावा. सणासुदीचा दिवस होता, तरी डॉक्टरांनी फोन उचलला, हसले, आणि म्हणाले, “एक खा, दोन नको. आणि महिन्याची तपासणी चुकवू नका.”